कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समध्ये पदव्युत्तर शिक्षण: मानसशास्त्राच्या पदवीनंतरची तयारी आणि ईईजीवरचा प्रबंध

शब्दवेल

नमस्कार मंडळी,

मानसशास्त्रात पदवी झाली आहे. येत्या सत्रापासून कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्सचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू होतोय. पहिल्या वर्षी न्यूरोअ‍ॅनाटॉमी, संख्याशास्त्र आणि मेंदूमापनाच्या पद्धती, दुसऱ्या वर्षी प्रबंध. विभागात ३२ चॅनेलचं ईईजी (डोक्यावरून मेंदूची विद्युत हालचाल मोजणारं यंत्र) आहे. एमआरआय स्कॅनर दुसऱ्या संस्थेचा आहे, तो तासांच्या हिशोबाने मिळतो. वर्ग सुरू व्हायला अजून तीनेक महिने आहेत.

गणित शाळेनंतर सुटलंय. संख्याशास्त्र टी-टेस्ट आणि अनोव्हापर्यंत, तेही सॉफ्टवेअरमध्ये बटणं दाबून. प्रोग्रॅमिंग येत नाही. या तीन महिन्यांत नेमकं काय करून घ्यावं? पायथन की मॅटलॅब?

प्रबंधासाठी विषय डोक्यात आहे: स्मरणावर भार असताना आजूबाजूच्या आवाजांकडे लक्ष कमी जातं का. यासाठी ईईजी बरं की एफएमआरआय (स्कॅनरमधून मेंदूतल्या रक्तप्रवाहाचे बदल मोजणारी पद्धत)? एफएमआरआयचा निकाल जास्त वजनदार धरतात असं ऐकते, ते खरं का? सहभागी किती लागतील?

आणखी एक. शोधनिबंधाची प्रस्तावना कळते, शेवटची चर्चाही कळते. मधला पद्धत आणि निकालांचा भाग मात्र डोक्यावरून जातो. त्यावर काही उपाय?

---

अक्षतंतू

विषय चांगला आहे, पण साधन सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी प्रश्न इतका आवळा की 'अमुक मोजलं, जास्त भाराच्या वेळी ते कमी निघालं तर माझं म्हणणं टिकतं, नाहीतर पडतं' असं एका वाक्यात लिहिता येईल. 'लक्ष कमी जातं' या तीन शब्दांत तीन वेगळे प्रश्न दडलेत. आवाज ऐकण्याच्या पातळीवरच दाबला जातो का? म्हणजे आवाजानंतर १०० मिलिसेकंदांच्या आसपास येणारा एन१ (ईईजीतली एक लाट) लहान होतो का? की आवाज नीट पोहोचतो, पण त्याची दखल कमी घेतली जाते, म्हणजे ३०० मिलिसेकंदांनंतरचा पी३ (तशीच उशिराची लाट) लहान होतो? की दोन्ही जसेच्या तसे राहतात आणि फक्त बटण दाबायला उशीर होतो? हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत घडतं, म्हणून इथे ईईजीच. एफएमआरआयमधला रक्तप्रवाहाचा प्रतिसाद ४ ते ६ सेकंदांनी शिखरावर येतो. तिथे हे टप्पे वेगळे काढता येणार नाहीत.

पी३ १९६५ पासून माहीत आहे. मुख्य काम अवघड केलं की दुय्यम आवाजांचा पी३ लहान होतो, हे दुहेरी कामाच्या प्रयोगांत १९८०च्या सुमारापासून अनेकदा दिसलंय. म्हणजे निकालाची दिशा बरीचशी आधीच ठाऊक आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी ही मोठी सोय आहे, कारण ओळखीचा परिणाम दिसला नाही तर चूक यंत्रणेत आहे की रचनेत, हे शोधायला जागा राहते. तुमचा नवा भाग एन१ आणि पी३ यांची तुलना हा ठेवा.

रचना साधारण अशी करता येईल. प्रत्येक ट्रायलच्या (प्रयोगाच्या एका फेरीच्या) सुरुवातीला पडद्यावर अक्षरं, २ किंवा ५. २ असतील तेव्हा उरलेल्या ३ जागी फुल्या ठेवा, नाहीतर दोन परिस्थितींत डोळ्यांना दिसणारं चित्रच वेगळं होतं आणि पुढे सापडलेला फरक भाराचा की चित्राचा हे सांगता येत नाही. अक्षरं गेल्यावर किमान १ सेकंद पडदा मोकळा, कारण दृश्य-प्रतिसादाची शेपटी पहिल्या आवाजाच्या बेसलाइनमध्ये (आवाजाआधीच्या आधारपातळीत) शिरते. मग साधारण ६ सेकंदांत ४ आवाज, दोन आवाजांत १.२ ते १.६ सेकंदांचं अंतर, दर वेळी वेगळं. अंतर ठरावीक ठेवलं की मेंदू पुढच्या आवाजाची वाट पाहू लागतो आणि बेसलाइन सरकते. ८० टक्के आवाज १००० हर्ट्झचे, २० टक्के १५०० हर्ट्झचे, दुर्मीळ आवाजाला बटण. अर्ध्या सहभागींना उलट द्या. प्रत्येक आवाजाच्या टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा चढ-उतार हवाच, नाहीतर सुरुवातीला 'टक्' असा वेगळाच आवाज येतो आणि एन१ त्यालाच उमटतो. ट्रायलच्या शेवटी एक अक्षर दाखवून ते यादीत होतं का हे विचारायचं.

बटण नको, दुर्मीळ आवाज मनात मोजायला सांगू, असा मोह होईल, कारण हाताच्या हालचालीचं पोटेन्शियल पी३वर चढतं. पण मोजणं हाच स्मरणावरचा भार आहे आणि तुम्ही अभ्यासताय तोच घटक. तेव्हा बटणच ठेवा, आणि डावा-उजवा हात प्रयोगाच्या मध्यावर बदला.

ट्रायलचा हिशोब कागदावर करा. एका ट्रायलला साधारण १० सेकंद. प्रत्येक भाराच्या ७५ ट्रायल, म्हणजे ३०० आवाज, त्यातले ६० दुर्मीळ. डोळ्यांची उघडझाप, हालचाल आणि चुकलेली उत्तरं यांत २० टक्के गेले तरी ४८ उरतात. वेळ ७५० सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटं. दोन्ही भार मिळून २५, विश्रांती धरून ३५. यापेक्षा लांबवलं की माणूस पेंगुळतो, अल्फा लय वाढते आणि शेवटचा डेटा वाया जातो. दोन्ही भार यादृच्छिक मिसळा. 'आधी सगळे सोपे, मग सगळे अवघड' असं केलं तर थकवा आणि भार वेगळे करता येणार नाहीत. एक गोष्ट सहज निसटते: दुर्मीळ आवाजाआधी नेहमीचे आवाज जितके जास्त, तितका पी३ मोठा. त्यामुळे आवाजांचे क्रम दोन्ही भारांसाठी सारखे वाटलेले असू द्या.

---

काटकोन

गणित आणि कोडबद्दल.

तीन महिन्यांत सगळं गणित होणार नाही आणि लागणारही नाही. कामाला येणारे चार तुकडे आहेत: मॅट्रिक्सचा गुणाकार आणि रँक (खरोखर स्वतंत्र असलेल्या ओळींची संख्या), साइन-कोसाइनपासून फूरिए रूपांतरापर्यंतची वाट, कन्व्होल्यूशन, आणि संभाव्यतेची वितरणं. मॅट्रिक्स आलं की रिग्रेशन, आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगळे काढण्याची पद्धत) आणि एफएमआरआयचं सर्वसाधारण रेषीय प्रारूप ही एकाच घरातली भावंडं वाटू लागतात. कन्व्होल्यूशन आलं की फिल्टर म्हणजे काय, आणि उद्दीपनाच्या वेळापत्रकातून एफएमआरआयचा अपेक्षित सिग्नल कसा काढतात, हे दोन्ही कळतं.

पुस्तकी उदाहरणं सोडवण्यापेक्षा हे कोडमध्ये करा. सेकंदाला २५० नमुने धरून २ सेकंदांची १० हर्ट्झची साइन लहर बनवा, म्हणजे ५०० आकडे. त्यात नॉइज मिसळा, फूरिए रूपांतर घ्या, १० वर शिखर पाहा. शेजारच्या दोन वारंवारितांमधलं अंतर ०.५ हर्ट्झ का आलं याचं उत्तर स्वतः काढा. मग ७० हर्ट्झची लहर सेकंदाला १०० नमुन्यांनी मोजा. ती ३० हर्ट्झवर दिसेल. सॅम्पलिंगआधी उंच वारंवारिता गाळणं का सक्तीचं आहे, हे त्या आलेखानंतर कोणी समजावून सांगावं लागत नाही.

भाषा: तुमच्या गटात जी चालते ती. अडलं तर बाजूच्या खुर्चीवरचा माणूस मदत करू शकतो, हा फायदा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. गट मॅटलॅबवर असेल तर ईईजीलॅब किंवा फील्डट्रिप. निवड तुमच्यावर असेल तर पायथन: नमपाय, पांडाज, मग एमएनई-पायथन. प्रयोग चालवायला सायकोपाय. संख्याशास्त्रासाठी आर वेगळं शिका, मिश्र प्रारूपांसाठी ते अजून सगळ्यात सोयीचं आहे. आणि पहिल्या दिवसापासून गिट (फायलींच्या आवृत्त्या जपणारं साधन). 'अंतिम', 'अंतिम-२', 'खरंच अंतिम' अशा नावांच्या फायलींतून सहा महिन्यांनी कुठला आलेख कुठून आला ते सापडत नाही.

सहभागींची संख्या. एकाच व्यक्तीत दोन परिस्थितींची तुलना, द्विपुच्छ चाचणी, ५ टक्के पातळी, ८० टक्के सामर्थ्य (परिणाम खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरलं तर परिणामाचा आकार (प्रमाण विचलनाच्या पटीत फरक) ०.५ असेल तेव्हा ३४ माणसं लागतात, ०.४ ला ५२, ०.३ ला ९०. छापून आलेले आकार बहुधा फुगलेले असतात, कारण जिथे परिणाम मोठा दिसला तेच निबंध जास्त छापले जातात. म्हणून जुन्या निबंधातला ०.८ उचलून १५ माणसांवर थांबू नका. ईईजीत दहातल्या एकदोघांचा डेटा टाकावाच लागतो. ३४ हवे असतील तर ४० बोलवा. एकाला टोपी, जेल, सूचना, प्रयोग, सफाई धरून दोन-अडीच तास, म्हणजे प्रयोगशाळेत १०० तास. वेळापत्रक या आकड्यावरून मागे मोजत आखा.

एक चूक इथेच सांगून ठेवतो, कारण तुमच्या प्रश्नात ती हमखास होऊ शकते. 'पी३मधला फरक लक्षणीय निघाला, एन१मधला नाही, म्हणून भाराचा परिणाम पी३वर आहे आणि एन१वर नाही.' हे चालत नाही. एकात पी-मूल्य ०.०४ आणि दुसऱ्यात ०.०७ आलं तर त्या दोघांमध्ये फरक आहे असं सिद्ध होत नाही. भार आणि घटक (एन१ की पी३) यांची आंतरक्रिया, म्हणजे भाराचा परिणाम दोन घटकांत वेगळा आहे का, हे थेट तपासावं लागतं. २०११ मध्ये मोठ्या नियतकालिकांतले ५१३ न्यूरोसायन्स निबंध तपासले गेले. त्यातल्या १५७ निबंधांत ही तुलना करण्याची वेळ आली होती आणि ७९ जणांनी ती चुकीची केली होती. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण म्हणजे एन१ आणि पी३ यांचे मुळातले आकार वेगळे. तुलना मायक्रोव्होल्टमध्ये करायची की प्रमाणित करून, हे डेटा येण्याआधी गाइडबरोबर ठरवा.

बटणाच्या उत्तरांसाठी टक्केवारीवर थांबू नका. कमी भारात ८४ टक्के दुर्मीळ आवाज पकडले आणि १६ टक्के वेळा उगाच बटण दाबलं, तर डी-प्राइम (आवाज वेगळे ओळखण्याच्या क्षमतेचं माप) २ च्या आसपास येतो. जास्त भारात ९८ टक्के पकडले आणि ५० टक्के वेळा उगाच दाबलं, तरी डी-प्राइम २ च्याच आसपास. वेगळेपण ओळखण्याची क्षमता तेवढीच राहिली, फक्त माणूस बटण सैल हाताने दाबू लागला. नुसती पकडण्याची टक्केवारी पाहिली तर 'भाराने लक्ष वाढलं' असा उलटाच निष्कर्ष निघाला असता.

---

कॉर्टेक्सकडेने

एफएमआरआयच्या वजनाबद्दल. निकालाला वजन येतं ते प्रश्न आणि पद्धत जुळण्यातून. तुमच्या विषयात तर स्कॅनर आडवाच येतो: तो चालू असताना आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो आणि तुम्हाला सहभागीला बारीक स्वर ऐकवायचे आहेत. स्कॅनच्या मधल्या शांततेत स्वर वाजवायची पद्धत आहे, पण त्यात वेळ जास्त लागतो आणि तासागणिक मिळणाऱ्या स्कॅनरवर ते झेपत नाही.

तरी पहिल्या वर्षी एफएमआरआय नीट शिका, कारण वाचनातला अर्धा भाग त्यावर असेल. दोन गोष्टी पक्क्या करा.

एक, अनेक तुलनांची. मेंदूचे १ लाख व्हॉक्सेल (स्कॅनमधले बारीक घनाकार ठिपके) धरले आणि प्रत्येकावर ५ टक्के पातळीची चाचणी लावली, तर काहीही घडत नसताना ५००० व्हॉक्सेल 'उजळतात'. २००९ मध्ये मेलेल्या सॅमन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून, त्याला माणसांच्या भावनिक प्रसंगांची चित्रं दाखवून हेच दाखवलं गेलं: अनेक चाचण्यांसाठीच्या दुरुस्तीशिवाय 'सक्रिय' व्हॉक्सेल सापडले, दुरुस्ती केल्यावर गेले. २०१६ मध्ये पुढचा धक्का बसला. दुरुस्ती केलेल्या क्लस्टर पद्धतीही (शेजारचे व्हॉक्सेल एकत्र तपासणाऱ्या) सुरुवातीचा उंबरठा सैल असेल तर ५ टक्क्यांपेक्षा खूप जास्त खोटे निकाल देतात हे दिसलं. म्हणून निबंध वाचताना उंबरठा कोणता, दुरुस्ती कोणती, हे रंगीत चित्राआधी शोधा.

दोन, उलटा निष्कर्ष. 'अमिग्डाला (मेंदूतला भावनांशी जोडलेला भाग) सक्रिय झाला, म्हणजे भीती वाटली.' अमिग्डाला नावीन्याला, बक्षिसाला, ओळखीच्या चेहऱ्यांनाही प्रतिसाद देतो. भीतीत तो सक्रिय होतो यावरून तो सक्रिय असताना भीतीच असेल असं ठरत नाही. हे ईईजीलाही तंतोतंत लागू आहे: पी३ लहान झाला म्हणजे 'लक्ष कमी झालं' हे गृहीत धरू नका. आवाजांमधला फरक ओळखायला जास्त वेळ लागला आणि तो वेळ दर ट्रायलला वेगळा असला, तरी सरासरीतला पी३ पसरून बुटका दिसतो. प्रत्येक ट्रायलचा प्रतिसादकाळ हाताशी आहेच, त्यावर रांग लावून ट्रायलचं चित्र काढा. शिखर सरकतंय की खरोखर बुटकं होतंय, ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतं.

आणि मापनाच्या या दोन्ही पद्धती सहसंबंध दाखवतात. एखादा भाग त्या कामासाठी आवश्यक आहे का, हे विचारायचं असेल तर इजा झालेल्या मेंदूंचा अभ्यास किंवा टीएमएस (बाहेरून चुंबकीय झटके देऊन मेंदूच्या भागाचं काम तात्पुरतं बिघडवणं) लागतं. १९५३ च्या शस्त्रक्रियेनंतर एच. एम. या रुग्णाला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात, पण आरशात बघून रेघ ओढण्याचं कौशल्य मात्र तो शिकला. स्मृती एकसंध नाही, हे त्या एका रुग्णाने जितकं स्पष्ट केलं तितकं कुठल्याही रंगीत नकाशाने केलेलं नाही. पहिल्या सत्रातला न्यूरोसायकॉलॉजीचा भाग जुना म्हणून उरकू नका.

न्यूरोअ‍ॅनाटॉमी नुसत्या आकृत्यांवरून पाठ करू नका. खुला उपलब्ध असलेला एखादा टी१ स्कॅन (मेंदूची रचना दाखवणारा एमआरआय) उघडा आणि तिन्ही छेदांत एकाच वेळी माउस फिरवा. मध्यवर्ती खाच शोधायची असेल तर आडव्या छेदात वरच्या बाजूला तिच्या पुढच्या काठावर उलट्या ओमेगासारखं वळण दिसतं, तो हाताच्या हालचालीचा भाग. एकदा ती खाच सापडली की कपाळाकडचं आणि मागचं सगळं तिच्या आधाराने लावता येतं. रोज एक रचना, दोन वेगळ्या मेंदूंत. माणसागणिक घड्या किती बदलतात हे कळलं की 'सरासरी मेंदू'वर आणून केलेली तुलना किती ढोबळ असते तेही कळतं.

---

शब्दवेल

खूप आभार. सगळं छापून घेतलं. तीन शंका राहिल्या.

आमच्या विभागाच्या तयार स्क्रिप्टमध्ये १ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याहून संथ लाटा गाळणारा) आहे, पण वाचलेल्या निबंधांत ०.१ दिसतो. फरक पडतो का? पी३चं शिखर मोजायचं की सरासरी? आणि टोपी लावण्याचं काम नीट शिकायला नेमकं कशाकडे बघायचं?

---

अक्षतंतू

पडतो, आणि तुमच्या प्रश्नात तर फारच. पी३ ही संथ, रुंद लाट आहे. १ हर्ट्झचा फिल्टर तिला बुटकी करतो. त्याहून वाईट म्हणजे नेहमीचा शून्य-फेज फिल्टर काळात दोन्ही दिशांना काम करत असल्यामुळे पी३च्या आधी आणि नंतर उलट्या दिशेच्या खोट्या लाटा तयार होतात. दोन भारांत पी३ वेगळा असेल तर या खोट्या लाटाही वेगळ्या असतील आणि त्यातली आधीची लाट एन१च्या बाजूला सरकून येते. तुम्हाला वाटेल भाराचा परिणाम १०० मिलिसेकंदांपासूनच सुरू झाला, आणि तो असेल फिल्टरचा.

मग तयार स्क्रिप्टमध्ये १ का असतो? आयसीएसाठी. संथ वाहणं असलं की आयसीए डोळ्यांचे घटक नीट वेगळे काढत नाही. मार्ग असा: डेटाची एक प्रत १ हर्ट्झने गाळा, आयसीए त्या प्रतीवर चालवा आणि मिळालेले वजनांक ०.१ हर्ट्झने गाळलेल्या मूळ डेटावर लावा. फिल्टर नेहमी सलग डेटावर, तुकडे पाडण्याआधी, नाहीतर प्रत्येक तुकड्याच्या कडांना विकृती येते.

आयसीएचा क्रमही सांगतो. खराब चॅनेल आधी काढा, मग आयसीए, मग काढलेले चॅनेल शेजाऱ्यांवरून भरून काढा. आधी भरले तर ते चॅनेल बाकीच्यांची बेरीज-वजाबाकी असतात, रँक घटतो आणि आयसीए विचित्र जुळे घटक देतो. सरासरी रेफरन्सनेही (प्रत्येक चॅनेल सगळ्यांच्या सरासरीशी ताडणं) रँक १ ने कमी होतो, तो आकडा सॉफ्टवेअरला सांगा. डेटा पुरेसा आहे का याचा ढोबळ नियम चॅनेलच्या वर्गाच्या २० ते ३० पट नमुने. ३२ चॅनेलला ३० पट म्हणजे ३०,७२० नमुने. सेकंदाला २५० धरले तर दोन मिनिटं, तेव्हा तुम्हाला चिंता नाही. ६४ चॅनेलला तेच आठ मिनिटांवर जातं.

शिखर की सरासरी: आधी ठरवलेल्या खिडकीतली सरासरी. नॉइज जितका जास्त तितकं सगळ्यात उंच टोक आणखी उंच सापडतं. जास्त भारात चुका जास्त, म्हणून उरलेल्या ट्रायल कमी, म्हणून नॉइज जास्त, म्हणून शिखर कृत्रिमरीत्या मोठं. तुम्हाला ज्या परिस्थितीत पी३ लहान हवाय तिथेच तो मोठा दिसेल. एका ट्रायलचा नॉइज २० मायक्रोव्होल्ट धरला तर २५ ट्रायलच्या सरासरीत तो ४ होतो, १०० च्या सरासरीत २. सरासरी मोजमाप ट्रायलच्या संख्येने पक्षपाती होत नाही, फक्त कमी-जास्त अचूक होतं.

खिडकी आणि इलेक्ट्रोड डेटा बघून निवडायचे नाहीत. 'पीझेड (डोक्याच्या मागच्या बाजूचा मध्यरेषेवरचा इलेक्ट्रोड), ३०० ते ५०० मिलिसेकंद, बेसलाइन उद्दीपनाआधीचे २०० मिलिसेकंद' असं आधी लिहून पूर्वनोंदणी करा. आलेखात जिथे फरक सगळ्यात मोठा दिसतो तिथे खिडकी ठेवून मग चाचणी लावणं म्हणजे एकच डेटा दोनदा वापरणं.

---

खोली_क्रमांक_तीन

टोपीबद्दल मी सांगते.

आदल्या दिवशी निरोप पाठवा: डोकं धुऊन, केस पूर्ण वाळवून या, तेल किंवा कंडिशनर नको. आल्यावर डोक्याचा घेर मोजून टोपीचं माप ठरवा. दोन मापांच्या मध्ये असेल तर घट्ट घ्या, सैल टोपीतले इलेक्ट्रोड मानेच्या हालचालीने सरकतात. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप धरा. दोन्हींचा मध्य जिथे छेदतो तिथे सीझेड (टोपीचा मधोमधचा इलेक्ट्रोड) यायला हवा. तो एक सेंटिमीटर सरकला तर सगळीच टोपी सरकली.

जेल आधी ग्राउंड आणि रेफरन्सला. ते खराब असतील तर सगळेच चॅनेल खराब दिसतात आणि तुम्ही ३२ ठिकाणी उगाच खरवडत बसता. बोथट सुईने केस बाजूला करून त्वचेला हलकं घासा, मग मागे येत जेल सोडा. साध्या इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स (त्वचेशी असलेला विद्युत अडथळा) ५ ते १० किलोओमच्या खाली आणायचा. सक्रिय इलेक्ट्रोड (आत छोटा अ‍ॅम्प्लिफायर असलेले) असतील तर २० पर्यंत चालतं. जेल जास्त झालं की शेजारचे दोन ठिपके जोडले जातात, आणि हे इम्पिडन्सच्या पडद्यावर कळत नाही, उलट आकडे छान दिसतात. दोन शेजारी चॅनेलच्या रेघा हुबेहूब एकसारख्या चालताना दिसल्या की समजा पूल झालाय.

सुरुवात करण्याआधी सहभागीला डोळे मिटायला सांगा: डोक्याच्या मागच्या चॅनेलवर ८ ते १३ हर्ट्झची लय चढायला हवी. काहींच्यात ती मुळातच कमी असते. मग दात दाबायला सांगा, कडेच्या चॅनेलवर बारीक दाट काटे येतील. तेच त्यालाही दाखवा. जबडा सैल ठेवणं म्हणजे काय, हे लोकांना सूचनेपेक्षा स्वतःच्या रेघा बघून कळतं. 'पापणी लववू नका' असं सांगू नका, ते थोपवणं हे आणखी एक काम होऊन बसतं. शेवटचं अक्षर दिसेल तेव्हा खुशाल लववा, असं सांगा. खोली गार ठेवा. घाम आला की सगळे चॅनेल संथपणे वर-खाली वाहतात आणि ०.१ हर्ट्झच्या फिल्टरला ते पुरतं गाळता येत नाही.

आता जे कोणी विचारलं नाही पण पहिल्या सहभागीआधी करायलाच हवं ते: वेळेची तपासणी. संगणक 'आता आवाज वाजवला' असा ट्रिगर पाठवतो, पण प्रत्यक्ष आवाज साउंड कार्डातून काही दहा मिलिसेकंद उशिरा निघू शकतो. हेडफोनच्या केबलला फाटा काढून, योग्य अ‍ॅडॉप्टरमधून, तो सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरच्या जादा चॅनेलला द्या आणि १०० आवाज रेकॉर्ड करा. ट्रिगर आणि आवाजाच्या सुरुवातीतलं अंतर दर वेळी सारखं असेल, समजा २० मिलिसेकंद, तर विश्लेषणात तेवढं वजा केलं की झालं. ते कधी ५, कधी ४० असं नाचत असेल तर एन१ सरासरीत पुसला जाईल आणि नंतर कोणताही फिल्टर तो परत आणू शकणार नाही. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नकोत. पडद्यावरच्या अक्षरांसाठी हीच तपासणी प्रकाशसंवेदक चिकटवून करायची. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, तेव्हा सगळे कालावधी तिच्या पटीतच मागा.

---

काटकोन

निबंध वाचण्याचं राहिलं होतं. निकालांचा भाग डोक्यावरून जातो, कारण प्रस्तावनेनंतर सरळ तिथे उडी मारली जाते. आधी पद्धत वाचा आणि कोऱ्या कागदावर एका ट्रायलची काळरेषा काढा: काय दिसलं, किती वेळ, कधी उत्तर द्यायचं. मग स्वतंत्र चल कोणते, ते व्यक्तींतर्गत की गटांमधले, ते लिहा. त्यावरून निकालात कोणत्या तुलना असायला हव्यात याचा स्वतःच अंदाज बांधा आणि मग निकाल उघडा. अंदाजात असलेली तुलना निबंधात नसेल तर तिथेच बहुधा काहीतरी गोम असते. एका निबंधाला सुरुवातीला पूर्ण दिवस लागेल, लागू द्या. आठवड्याला दोन असे वाचले तरी चाळलेल्या दहापेक्षा जास्त हाती लागतं.

सोबत खरा डेटा हाताळा. ईआरपी कोअर नावाचा खुला संच आहे: ४० सहभागी, सात घटक, त्यात पी३ आणि एन१७० (चेहरे बघताना येणारी लाट) दोन्ही, प्रयोगाच्या फायलींसकट. त्यातला पी३चा एका व्यक्तीचा कच्चा डेटा घ्या, वर अक्षतंतू यांनी दिलेल्या क्रमाने साफ करा, आणि फिल्टर ०.१ वरून १ करून दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. तुमच्या विभागाच्या स्क्रिप्टबद्दल गाइडशी बोलताना ते चित्र सोबत न्या.

---

कॉर्टेक्सकडेने

एक प्रशासकीय भर. नैतिकता समितीचा अर्ज पहिल्या वर्षाच्या शेवटच्या सत्रातच लिहायला घ्या, मंजुरीला आठवडे जातात आणि त्याआधी एकाचाही डेटा घेता येत नाही. संमतीपत्रात 'ओळख काढून टाकलेला डेटा इतर संशोधकांना खुला केला जाईल' हे वाक्य आणि त्यासाठी वेगळी सही पहिल्यापासून ठेवा. डेटा गोळा झाल्यावर ते घालायचं तर चाळीस जणांना पुन्हा गाठावं लागतं. फायलींची नावं आणि फोल्डर पहिल्या सहभागीपासून बिड्सच्या (मेंदूच्या डेटाच्या मांडणीचं ठरलेलं मानक) नियमाने ठेवा. आणि सांकेतिक क्रमांक कोणाचा हे सांगणारी यादी डेटाच्या संगणकावर ठेवू नका, ती वेगळ्या जागी, कुलपात.